आईच्या पायाचा डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. मित्रांनो, मलकापूरच्या एका लग्नातून मी पोटात बिस्किटं घेऊन दुसरबीडला आलो. बिस्किटं दोन दिवसांत फस्त झाली आणि मला माळ्यावर फेकून दिलं. तिथे माझी विचारपूस झुरळांनी केली, माणसांनी नाही.

मग एका सुट्टीत या घरची मुलगी महामाया घरी आली. ती बुलढाण्याला नर्सिंग शिकते. तिने मला घासलं, उन्हात वाळवलं आणि झाकणावर नेलपॉलिशने लाल अधिकची खूण काढली. गॉज, कापूस, बँडेज, चिकटपट्टी, जंतुनाशक मलम, चिमटा आणि तो पुसायला स्पिरिट, सगळं नीट रचलं. तिच्या आईला, अन्नपूर्णाबाईला, शुगर आहे. पाय बधिर, साधी जखमही चिघळायची. म्हणून झाकणाच्या आत तिने चिठ्ठी चिकटवली, ‘आईच्या पायाले. दुसऱ्या कामाले नाही.’ शेजारच्या बायका मला बघून वाहवा करून गेल्या आणि मी फुगलो. फुगणाऱ्याची पुढे काय गत होते, ते ऐका.

अन्नपूर्णाबाईच्या शेतातल्या शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीच्या मांडवात, मिरचीचं बियाणं तयार करायचं काम चालायचं. तिथे कळीतले पुंकेसर चिमट्याने खुडून दुसऱ्या झाडाचे पराग हाताने लावतात. त्याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. महामाया परत गेली आणि आठवड्याच्या आतच मजुरीला येणारी पुष्पाबाई दारात उभी राहिली.

“बाई, एक चिमटा कमी पडून राह्यला.”

“डब्यातला ने. पोरीले कुठं दिसते?”

चिमट्यामागून स्पिरिट गेलं. चिकटपट्टीने जाळीचं भोक बुजवलं, बँडेजने रोपं बांधली, गॉज आणि कापूस हात पुसण्यात संपले. मलम अन्नपूर्णाबाईच्या नवऱ्याने, माणिकरावांनी, टाचांच्या भेगांना फासलं. चिठ्ठी तेवढी उरली, कारण तिचा शेडनेटमध्ये काही उपयोग नव्हता.

एका दुपारी जाळीची तार अन्नपूर्णाबाईच्या अंगठ्यात घुसली. तिला कळलंच नाही. पुष्पाबाईने चपलेतलं रक्त दाखवलं, तेव्हा ती घरी आली, मला उघडलं, चिठ्ठी वाचली आणि झाकण लावलं. मग मातीच्या हातांनीच जुन्या साडीची चिंधी गुंडाळली.

संध्याकाळी वडिलांकडून कळल्यावर महामायेचा फोन आला.

“आई, डब्यातलं मलम लावलं नं?”

“हाव, लावलं. पट्टीबी बांधली.”

“उद्या दवाखान्यात जाय.”

“आठ दिवसाचं क्रॉसिंग राह्यलं. मंग जातो.”

मी शेजारच्या फळीवरच होतो. रिकाम्या डब्याला आवाज असतो, पण तो कुणीतरी वाजवावा लागतो.

क्रॉसिंग पुरं झालं तोवर अंगठा काळा पडला होता. बुलढाण्याच्या दवाखान्यात अंगठा आणि शेजारची दोन बोटं कापली. महामाया घरी आली आणि मला मांडीवर घेऊन आईसमोर बसली.

“मले खोटं काऊन सांगतलं?”

“तू रागावशील म्हणून.”

महामाया रागावली नाही. ती मला पुन्हा भरत बसली. आता रोज सकाळी मी उघडला जातो, रोज माझी गरज पडते. अशी किंमत मला नको होती.

परवा पुष्पाबाई चिमटा घेऊन आली. स्वच्छ धुतलेला.

“घ्या बाई, काम सरलं.”

महामायेने तो जागेवर ठेवला.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊ असेल. त्याच्या झाकणाचं कौतुक नंतर करा, आधी तो उघडून आत काय उरलंय ते बघा. जे काढाल, ते त्याच दिवशी परत ठेवा. आमचा चिमटा परत आला. बोटं नाही आली.