फक्त त्याच्याच नंबरवर

तात्यांनी लॅबच्या खिडकीत डोकं घातलं. "भार्गवी, राजसचा रिपोर्ट दे गं."

"तात्या, तो त्याच्याच नंबरवर जाणार. सकाळी रक्त घेणाऱ्या पोराला तसं सांगून गेलाय तो."

"अरे वा! बापाला आता आयडी दाखवावी लागणार? अख्ख्या घराचे रिपोर्ट माझ्याच फोनवर येतात."

तेच तर. तात्यांच्या फोनवर आलेलं तिथंच थांबत नसे. मागे बायकोचा, म्हणजे अक्कांचा, सोनोग्राफीचा रिपोर्ट त्यांनी काळजीपोटी समाजाच्या गणेशोत्सव ग्रुपवर टाकला होता. वर मोदकांची ऑर्डर, खाली अर्ध्या उज्जैननं जोडलेले हात. अक्का त्या वर्षी आरतीला फिरकल्या नाहीत.

"बरं, देऊ नको. टेन्शनवाली बात तर नाही ना, एवढं तर सांग. तू काय परकी आहेस? आमच्याच घरात येणार होतीस."

येणार होतीस.

(ठरत आलेलं लग्न राजसनं मोडलं. कारण सांगितलं नाही. पुण्याला निघून गेला. आता चार दिवसांसाठी घरी आला होता.)

"त्यालाच विचारा, तात्या."

"तो सांगतोय होय! मूग गिळून बसलाय." तात्या धुसफुसत गेले.

तिनं रिपोर्ट उघडला. नाव, वय जुळवायचं आणि पाठवायचं, एवढंच काम. पण नजर खाली घसरलीच. काय होतं ते इथेही सांगायचं नाही. एवढंच, की आजार जुना होता आणि सुरू झाल्याचं साल लिहिलं होतं. लग्न मोडलं तेच साल.

ती उठून पाणी प्यायली.

लॅबच्या फोनवरून रिपोर्ट पाठवला. खाली लिहिलं,

एवढ्यासाठी?

पुसलं.

वेड्या, मी तरीही आले असते.

बोट तिथंच अडलं. पुसलं.

तेवढ्यात त्याचाच मेसेज आला, हिंदीत. लॅबमध्ये कुणी मराठी असेल हे त्याच्या गावीही नसणार. 'रिपोर्ट मिल गई. पापा को तो नहीं दी?'

मराठीत एक शब्द, नुसतं 'नाही रे', आणि तो ओळखेल. मग तो तिच्याशी बोलेल. कदाचित. पण जिच्यापासून त्यानं हे इतकी वर्षं लपवलं, तिनंच ते वाचलंय, हेही त्याला त्याच क्षणी कळेल.

'जी नहीं, सर. सिर्फ़ आपको भेजी है.'

'शुक्रिया. आपका नाम?'

भार्गवी. नावाचं शेवटचं अक्षरही टाइप झालं होतं. ते तिनं बराच वेळ तसंच राहू दिलं, जणू तेवढ्यानं त्याला ऐकू जाईल.

पुसलं.

'रिपोर्ट काउंटर, सर.'

त्यानं अंगठा पाठवला. वरच्या कोपऱ्यात त्याचा फोटो होता, नखाएवढा. डोंगरावर कुठेतरी उभा, वाऱ्यानं केस उडालेले. टिचकी मारली की मोठा झाला असता.

तिनं मारली नाही. चॅट पुसलं, आणि खिडकीत उभ्या बाईंना विचारलं, "हां जी, किस नंबर पर भेजूँ?"