गुडघे दाखव बघू

न्यूयॉर्कमध्ये, ब्राँक्सच्या त्या कोपऱ्यावर आम्ही काळ्या बायका सकाळपासून कागदी पिशव्या घेऊन उभ्या असायचो. पिशवीत कामाचे जुने कपडे. गोऱ्या बाया यायच्या, निरखायच्या आणि दिवसभराच्या कामाला घेऊन जायच्या. पण आधी गुडघे बघायच्या! गुडघ्यांना घट्टे असले की बाई गुडघे टेकून फरशी घासणारी, म्हणजे पसंत. आम्हीही मुकाट झगा वर करायचो. मला माझीच चीड यायची, पण पोट कुठे ऐकतं?

त्या दिवशी शेजारी व्हर्डेल होती, आमच्याच बिल्डिंगमधली. नवरा डेट्रॉइटला कामाला म्हणून गेला तो गेलाच, पदरात आयडेला. पोरीच्या बुटांचे तळ गेलेले, आत पुठ्ठा घालून चाललं होतं. बर्फ पडला आणि पुठ्ठ्याचाही लगदा झाला. पोर शाळा बुडवून घरी बसली. आज काम मिळालं तरच बूट.

फरकोटवाली एक बाई आली. "संध्याकाळी पाहुणे आहेत, घर लख्ख हवंय. ए पोरी, गुडघे दाखव बघू."

"पोरगी माझी घरी आहे," व्हर्डेल म्हणाली. "मी मिसेस टॉलिव्हर. आणि गुडघे मी फक्त डॉक्टरला दाखवते."

"अगं बाई, बूट!" मी कुजबुजले.

"बुटांसाठीच आलेय, ओझेला. गुडघ्यांचं प्रदर्शन मांडायला नाही."

"मग राहा उभी थंडीत." बाई माझ्याकडे वळली. "तू दाखव."

माझ्या गुडघ्यांना बुटाच्या टाचेसारखे घट्टे आहेत. दाखवले असते तर काम माझंच होतं. हात झग्यापर्यंत गेलाही. मग अंगात काय शिरलं कोण जाणे, मी कोट ओढून गुडघे झाकले. "माझेही नाही दिसायचे."

पलीकडच्या लुसिंडानेही झाकले. तिच्या पलीकडचीनेही. बाई ओळीच्या टोकापर्यंत गेली आणि लालबुंद होऊन परत आली.

"चल तूच," ती व्हर्डेलला म्हणाली.

"घरी उभ्याने फरशी पुसायचा मॉप आहे?"

"नाही."

"समोर दुकान आहे. मी थांबते."

बाई पाय आपटत गेली आणि मॉप घेऊन आली. व्हर्डेलने पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली, त्यामुळे मॉप बाईनेच खांद्यावर घेतला. आम्ही इतक्या हसलो की लुसिंडाला उचकी लागली. मला त्या दिवशी काम मिळालं नाही. उपाशी होते, पण खूश होते.

संध्याकाळी व्हर्डेल बूट घेऊन आली. मी तिच्या दारातच उभी होते. आयडेलाने आनंदाने बूट चढवले आणि लेस बांधायला गुडघे टेकले.

व्हर्डेलने तिला दंड धरून उठवलं आणि खुर्चीत बसवलं.

"बसून बांध," ती म्हणाली.