पंधरा मिनिटांचा चमत्कार

टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचा ढीग थेट जिन्यापर्यंत आला होता. चपलांचे मालक, त्यात एक बँक मॅनेजर आणि दोन इंजिनिअर, चपलांबरोबर अक्कलही बाहेर काढून आत बसले होते. समोर गादीवर मणीबाबा. त्यांच्या शेजारच्या झाकलेल्या हंड्यात अंड्याएवढा निळसर दगड, त्यांचा मणी. तो डोळ्यावर ठेवला की मिटलेली पापणी उघडते, अशी बोंब शहरभर झाली होती.

उघडायची, हे मी नाकारत नाही. पापणी माझ्या वहिनीचीच होती.

वहिनी तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासणीला. प्रत्येक शर्टाची शिलाई नजरेखालून घालायची आणि खोट दिसली की खडूची खूण करून तो परत पाठवायचा. वर्षापूर्वी दुपार कलली की ती चांगले शर्टही परत पाठवू लागली, कारण एकाच शिलाईच्या तिला दोन दिसत. सुपरवायझर म्हणाला, डोकं फिरलंय. मग डावी पापणी उतरली. मी तीस वर्षं डोळ्यांच्या वॉर्डात सिस्टर होते. तिला धरून डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या आणि दोनाची पुन्हा एक शिलाई झाली.

पण गोळ्या रोज आणि वर्षानुवर्षं घ्यायच्या, हे माझ्या दादाला पटेना. त्याला मणीबाबा भेटले. "औषधाचं विष अंगात आहे तोवर मणी काम करत नाही," बाबा म्हणाले. दादाने गोळ्या कचऱ्यात टाकल्या. याला दहा दिवस झाले होते. आता वहिनीचा आवाज नाकातून येत होता आणि पाणी पिताना ठसका लागत होता. म्हणूनच मी त्या गर्दीत जाऊन बसले होते.

बाबांचा कार्यक्रम ठरलेला. आधी आजाऱ्याने अर्धा तास डोळे मिटून पडायचं, त्याला ते 'मौनशयन' म्हणत. मग प्रवचन. "या पापणीवर सात जन्मांचं ओझं आहे. मणी ते ओझं पिऊन टाकतो." सात जन्मांचं ओझं पिऊनही दगड अंड्याएवढाच कसा राहतो, हे दोन्ही इंजिनिअरांपैकी एकानेही विचारलं नाही. मग झाकलेल्या हंड्यातून मणी काढला, दोन मिनिटं वहिनीच्या पापणीवर धरला आणि उचलला. डोळा टक्क उघडला. हॉलभर हुंकार उठला. लगेच दोन शिष्य तिला मागच्या दाराने न्यायला आले.

मी तिचा हात धरला. "वहिनी, इथेच बसा."

"बाई, कृपा झाल्यावर थांबायचं नसतं," बाबा म्हणाले.

"जाऊ की. पंधरा मिनिटांनी."

"महाराज, तिचं मनावर घेऊ नका," दादा म्हणाला. "नर्स होती, वाद घालायची सवय आहे."

मी तो मणी उचलून पुढच्या रांगेतल्या आजीबाईंना दिला. "घट्ट धरा आजी, पुण्य लागेल." पुण्य म्हटल्यावर बाबांना नाही म्हणता येईना. आजींनी तो दोन्ही मुठींत दाबून धरला.

सगळे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. बाबा लहरींवर बोलत राहिले. सातव्या मिनिटाला पापणी कलली आणि बाराव्याला बुबुळावर आली.

"वन्सं, तुमची दोन डोकी दिसताहेत," वहिनी हळूच म्हणाली.

"कोणीतरी शंका घेतली," बाबा म्हणाले. "शंकेने मणी तापतो."

"तापतो, हे मात्र खरं बोललात." मी आजींच्या मुठीतला कोमट मणी घेऊन वहिनीच्या पापणीवर दोन मिनिटं धरला. काही झालं नाही. मग हंड्यावरचं फडकं काढलं. आत काठोकाठ बर्फ होता. एक तुकडा रुमालात गुंडाळून पापणीवर धरला. दोन मिनिटांत डोळा उघडला.

"डोळा फिरवायला सहा स्नायू असतात आणि पापणी उचलायला एक," मी लोकांना सांगितलं. "नस त्यांना निरोप धाडते. या आजारात निरोप घ्यायची जागाच बिघडते, म्हणून स्नायू वापरला की थकतो. विश्रांती दिली, गारवा दिला की निरोप थोडा वेळ नीट पोचतो. आमच्या वॉर्डात हा आजार ओळखायला आम्ही असाच बर्फ धरायचो. त्याने आजार कळतो, बरा होत नाही. आणि हेच दुखणं गिळण्याच्या आणि श्वासाच्या स्नायूंपर्यंत जातं."

"श्वासाच्या?" दादाने विचारलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"तिचा आवाज ऐकतोयस ना दहा दिवस?"

बाबा ध्यानासाठी आतल्या खोलीत गेले. आम्ही थेट हॉस्पिटल गाठलं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर श्वासाला मशीन लागलं असतं. दादा बाहेरच्या बाकावर तोंडात मारल्यासारखा बसून होता. मला त्याची कीव आली नाही, अजूनही येत नाही. वहिनी दोन महिन्यांनी कामावर गेली. आता तिने परत पाठवलेल्या शर्टात खरोखरच खोट असते.

हॉल मात्र पुढच्याच आठवड्यात पुन्हा भरला. बाबांनी फक्त भिंतीवरचं घड्याळ काढून टाकलं आहे. म्हणून सांगते, चमत्कार बघायला जरूर जा, पण आपलं घड्याळ घेऊन जा आणि पंधरा मिनिटं थांबा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू गोळी बंद करू नका.