माळावरचा लिंब

सिद्रामने घागर कलती करून लिंबाच्या आळ्यात पाणी सोडलं. रोप त्याच्या कमरेएवढं झालं होतं. बायकोची, नागूबाईची रक्षा नदीला न नेता त्यानं याच खड्ड्यात घातली होती आणि वर हे झाड लावलं होतं. गावात आता बरेच जण तसंच करत.

पाणी मुरेपर्यंत बुद्धप्रिया थांबली. ती सोलापूरच्या एका संस्थेची. माळढोक पक्ष्यासाठी पाच वर्षं माळ नांगरायचा नाही, पावसाळ्यात शेरडं सोडायची नाहीत, असा करार ती शेतकऱ्यांशी करत होती. सिद्रामला सगळं कबूल होतं.

“आबा, एक राहिलं. माळावर झाड चालत नाही.”

“समदी दुनिया झाडं लावा म्हनती, अन् तू उपट म्हनतीस व्हय?”

“माळढोक उघड्यावर अंडं घालतो. झाडावर कावळे बसले की त्यांना ते लगेच दिसतं.”

“हे नुसतं झाड न्हाय, पोरी.”

“ठाऊक आहे. म्हणूनच सांगायला जीभ रेटत नव्हती. सक्ती नाही, आबा. झाड राहू दे. मग हा तुकडा करारात घेता येणार नाही, इतकंच.”

“काढलं तर पक्षी येनार?”

“सांगता येत नाही. कैक वर्षांत इथं कुणाला दिसलेला नाही.”

“खोटं बोलत न्हाईस, बरं हाय.” त्यानं बोटांनी आळ्याची माती सारखी केली. “आमची ही शेरडं राखायची. अंडं दिसलं की कळप वळवून लांबच्या वाटंनं घरी. मी तितं भाकरीसाठी खोळंबलेला. लई भांडायचो.”

पाऊस लागल्यावर त्यानं लिंब मुळाच्या गड्ड्यासकट काढून वस्तीवर हौदापाशी लावला आणि करारावर सही केली.

“मेल्यावर बी बिचारीला हलवलंत, भावजी?” थोरली भावजय सोजरबाई म्हणाली.

“जितेपनी घरात कवा टिकली न्हाय. आता बसंल जरा.”

मग पावसानं ओढ दिली. सकाळी सवयीनं तो भरली घागर घेऊन माळावर गेला आणि तिथं पोचल्यावर त्याच्या ध्यानात आलं. पाणी त्यानं बुजवलेल्या खड्ड्यावरच ओतलं. पुढं रोजच ओतू लागला.

श्रावणातल्या एका सकाळी त्या चिखलात ठसे दिसले. पुढं तीन जाड बोटं. मोराला असतं तसं मागचं बोट कुठंच नव्हतं; माळढोकाला ते नसतं. सिद्राम वाकून बघत राहिला. मग भरली घागर तशीच खांद्यावर घेऊन ओढ्याकडून फिरून वस्तीवर आला आणि लिंबाला पाणी घातलं.

“भाकरी गार झाली की!” सोजरबाई ओरडली. “कुटं हुता?”

“वळसा पडला जरा,” सिद्राम म्हणाला.