मापाची सॅक

रंग बघून सॅक घेणाऱ्याला गोरक्षदादा डोंगरावर न्यायचेच नाहीत. म्हणजे न्यायचे, पण वाटभर त्याची सालं काढायचे. "पाठीवर घ्यायचीये का लग्नात मिरवायचीये रे?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर म्हणून उभा जन्म गेला आणि सुट्टीचा वार सगळा डोंगरात. आधी दोघं-तिघं असायचे, मग पोरं जमत गेली. नाशिकरोडची, गंगापूर रोडची, कुणी बँकेत, कुणी कंपनीत. ग्रुपला नावबिव काही नव्हतं. लोक 'दादांची पोरं' म्हणायचे. दादांना ते फार आवडायचं, तोंडावर दाखवायचे नाहीत एवढंच.

स्वतः दादांची सॅक मात्र बघवत नव्हती. जाड ताडपत्रीची, एका सीट कव्हरवाल्याकडून शिवून घेतलेली. तिला कंबरपट्टा नव्हता, त्यामुळे पातेलं, तांदूळ, पांघरूण, दोर, सगळ्याचं ओझं खांद्यांवर. तरुणपणी चालून गेलं. आता साठी आली होती, आणि मुक्कामाचा गड करून आले की मान वळायची नाही. बायको सगुणाबाई तेल चोळता चोळता म्हणायच्या, "एक तर धड सॅक घ्या, नाय तर डोंगर सोडा." डोंगर सोडणं हा विषयच नव्हता. आणि सॅक घ्यायची म्हटलं की दादांचा हात आखडायचा. घरात सगळ्यांचं सगळं आणतील, स्वतःसाठी चपलेचा अंगठासुद्धा शिवून वापरतील, असा माणूस.

त्यात रतनगड उतरताना गुडघ्यानं दगा दिला. सगळा ग्रुप खोळंबला. रोहितनं, म्हणजे दादांनी हाताला धरून तयार केलेल्या पोरानं, त्यांची सॅक आपल्या छातीवर अडकवली आणि दादांना आधार देत खाली आणलं. खाली आल्यावर दादा म्हणाले, "सॅकमुळं झालं. वजन मागं ओढतं ना, गुडघा काय करणार? कंबरेवर बसणारी सॅक असती तर काही झालं नसतं." त्यावर पोरांनी नुसत्या माना हलवल्या. दादांना वाटलं, पटलं पोरांना.

आणि मग निकिताचा फोन आला. निकिता ग्रुपचा हिशेब बघायची, दादांची लाडकी. म्हणाली, "दादा, साल्हेरच्या मुक्कामाआधी ग्रुपतर्फे एकाला सॅक द्यायचीये. बजेट बेताचं आहे. तुमच्याशिवाय कुणाला कळतंय त्यातलं? याल का दुकानात?"

"कुणाला द्यायचीये?"

ती जरा अडखळली. "ते... कळेलच ना दादा रविवारी."

रविवारी गंगापूर रोडवर दादांच्या साठीचा सत्कार ठेवलेला. आता बोला! दादांनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन एकटेच हसत उभे राहिले.

त्यांना हसू येण्याचं कारण असं, की ही युक्ती मुळात त्यांचीच. ग्रुपची रीतच होती ती. ज्याला भेट द्यायची त्यालाच भलत्याचं नाव सांगून दुकानात न्यायचं आणि त्याच्याच मापानं वस्तू घ्यायची. निकिताचं लग्न ठरलं तेव्हा दादांनी तिला 'भाचीसाठी बूट घ्यायचेत, पाय तुझ्याएवढाच आहे' म्हणून नेलं होतं. बाईनं चांगले चार जोड घालून, चालून बघितले, आणि हळदीच्या दिवशी तेच बूट खोक्यातून निघाले तेव्हा ढसाढसा रडली. रोहितची पहिली सॅकही तशीच घेतलेली.

"माझीच युक्ती मला शिकवायला निघाली कार्टी," दादा सगुणाबाईंना म्हणाले.

"तुमच्यासाठीच कशावरून?"

"अगं, सत्कार कुणाचा? साठी कुणाची? सॅक कुणाकडं नाय?"

"मग सरळ विचारा की."

"आणि त्यांच्या आनंदावर विरजण घालू? तुला काय कळतंय त्यातलं!"

सगुणाबाईंनी कढईत उलथनं जरा जोरातच फिरवलं.

दादा दुकानात गेले ते पिशवीत घरचा पसारा घेऊन. पांघरूण, पातेलं, तांदळाचं गाठोडं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. रिकामी सॅक पाठीवर टाकून आरशात बघणाऱ्यांची त्यांना चीड होती. मेनरोडच्या मागच्या गल्लीतलं अमोलचं दुकान त्यांच्या ओळखीचं. अमोलनं चार-पाच सॅका काढल्या. दादांनी एकीची चेन दहादा मागंपुढं केली आणि बाजूला ठेवली. दुसरीची शिवण पट्ट्याच्या मुळाशी ओढून बघितली, धागा दिसला, तीही बाजूला. तिसरीला पावसाचं कव्हर होतं पण कंबरपट्टा नुसता नावाला, बोटभर फोमही नाही. "हा पट्टा आहे का करदोडा?" दादा म्हणाले. अमोल हसला.

शेवटी दोन उरल्या. एकीची पाठ खालीवर सरकवता यायची, कुणाच्याही उंचीला लावून घ्या. दुसरीची पाठ ठरीव मापाची, पण शिवण पक्की, पट्टा रुंद, आणि किंमत बरीच खाली. दादांनी ती दुसरी भरली, पाठीवर घेतली, पट्टा आवळला आणि दुकानातल्या दुकानात फेऱ्या मारायला लागले. आणि काय सांगावं! सगळं ओझं कंबरेवर अलगद बसलं. खांदे मोकळे. मान वळत होती. जिना चढून बघितला, उतरून बघितला, गुडघा ब्र काढत नव्हता. आयुष्यभर उगाच हाल काढले असं त्यांना वाटून गेलं, डोळ्यांत पाणी येतं की काय असं झालं, म्हणून ते उगाच अमोलवर खेकसले, "पंखा लाव ना!"

"दादा," निकिता म्हणाली, "ती सरकणारी घेऊ या का? थोडे पैसे जास्त जातील, पण कुणालाही बसेल."

"कुणालाही कशाला बसायला पायजे? ज्याची त्याला बसली म्हणजे झालं."

"नाही, पण..."

"अगं, पोरांच्या खिशाला कशाला भुर्दंड? ही बघ कशी बसलीये. जशी काय मापं घेऊन शिवली." आणि तिच्याकडं बघून त्यांनी चक्क डोळा मारला.

निकिताचा चेहरा लालबुंद झाला. दादांना वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून लाजली. तिनं मुकाट्यानं पैसे दिले. तिथं एक शब्द ती बोलली असती तर पुढचं सगळं टळलं असतं, पण चांगल्या माणसांची जीभ नेमकी अशाच वेळी टाळ्याला चिकटते.

घरी येऊन दादांनी ताडपत्रीची जुनी सॅक धुतली, वाळवली आणि सगुणाबाईंपुढं टाकली. "घे, कांदे ठेव हिच्यात." सगुणाबाईंनी गॅलरीत खिळ्याला अडकवून तिच्यात कांदे भरले. दादा संध्याकाळी साल्हेरच्या वाटेचा विचार करत बसले. रात्री गुहेत झोपायचं, पहाटे परशुरामाच्या देवळापर्यंत चढायचं. गुडघ्याला पट्टा बांधला की झालं.

रविवारी हॉल भरला होता. जुनी पोरं बायकापोरांसकट आलेली, नवी पोरं सारख्या टी-शर्टांत. शाल आली, श्रीफळ आलं, भिंतीवरचं घड्याळ आलं. रोहित बोलायला उभा राहिला. "दादांनी आम्हाला चालायला शिकवलं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरंच भरून आला, खोटं कशाला बोला. "पण आता दादांनी आराम करायचा. रतनगडावर आमच्या पोटात गोळा आला होता. आम्हाला दादा हवे आहेत, धडधाकट हवे आहेत. म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलंय. आजपासून दादा आपले मार्गदर्शक!"

टाळ्या. दादाही हसत होते. मार्गदर्शक तर ते होतेच की. शब्दाचा अर्थ अजून डोक्यात शिरायचा होता, कारण त्यांचं सगळं लक्ष कोपऱ्यातल्या चमकत्या कागदात गुंडाळलेल्या मोठ्या पुडक्याकडं होतं.

निकितानं ते पुडकं पुढं आणलं. दादा खुर्चीतून अर्धे उठलेसुद्धा. खांद्यावरची शाल सावरली, श्रीफळ डाव्या हातात घेतलं, उजवा मोकळा केला.

"साल्हेरपासून ग्रुपची सगळी जबाबदारी रोहितकडं," निकिता म्हणाली. ती दादांकडं बघत नव्हती. "आणि त्याला ग्रुपतर्फे ही भेट. निवडली मात्र दादांनीच."

पुन्हा टाळ्या. पहिल्यापेक्षा जोरात. सगुणाबाईंनी शालीचं टोक धरून दादांना खाली ओढलं. ते बसले. मोकळा केलेला हात कुठं ठेवावा ते त्यांना कळेना.

लोकांना कौतुक करायला काय जातं? माणसाला बाजूला सारायचं तर 'बाजूला हो' म्हणायची छाती लागते. ती नसली की हार-तुरे आणतात, आणि ज्याला सारलं त्यानंच वर आभाराचं भाषण करायचं असतं. दादांनी केलंही. "मी काय बोलणार," म्हणाले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, गहिवरले.

मग पोरांनी गलका केला, घालून दाखव, घालून दाखव. रोहित ताडमाड उंच. त्यानं सॅक चढवली तर कंबरपट्टा कंबरेवर यायच्या ऐवजी बरगड्यांवर आला. त्यानं खांदे हलवले, पट्टे खेचले, पुन्हा खांदे हलवले.

"दादा, जरा बघता का? काहीतरी लागतंय."

दादा उठले. श्रीफळ सगुणाबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि गेले. सवयीनं खांद्याचे पट्टे सैल केले, कंबरेचा ओढला, पाठीमागून हात फिरवला. करण्यासारखं काही नव्हतं, ते त्यांना पहिल्या नजरेतच कळलं होतं. तरी ते बराच वेळ पट्ट्यांशी खटपट करत राहिले, कारण मान वर केली असती तर सगळ्यांना त्यांचं तोंड दिसलं असतं.

"नाही बसायची ही तुला," ते शेवटी हळू म्हणाले. "मी माझ्या पाठीवर मापून घेतली होती."

रोहितला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा तो आधी निकिताकडं बघायला लागला, मग जमिनीकडं. आणि मग घाईघाईनं, काहीतरी बोलायलाच हवं म्हणून बोलला, "काही हरकत नाही दादा. बदलून घेऊ. बिल असेल ना निकिताकडं?"

जिन्यात निकितानं त्यांना गाठलं. डोळे सुजलेले. "दादा, मला त्या दिवशीच सांगायचं होतं."

"मग सांगायचं ना, बाई."

"तुम्ही इतके खूश होता..."

दादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला असता एरवी. आज नाही ठेवला. रिक्षात सगुणाबाई म्हणतील, 'मी म्हणत नव्हते?' अशी तयारी करून ते बसले होते. पण त्या घरी आल्या आल्या गॅलरीत गेल्या आणि जुन्या सॅकमधले कांदे परातीत काढायला लागल्या.

"राहू दे," दादा म्हणाले. "कुठं जायचंय आता?"

एवढ्यावर संपायला हवं होतं. पण दोन दिवसांनी रोहितचा फोन. दुकानदार तुमच्या ओळखीचा आहे, मला त्यातलं काही कळत नाही, याल का बदलायला? सगुणाबाईंनी ऐकलं आणि त्यांचा तोल सुटला. "लाज वाटत नाय का त्यांना? आणि तुम्हाला? चाललात लगेच!"

"चुकीच्या सॅकनं पोराची पाठ जाईल," दादा म्हणाले. आणि पिशवीत पांघरूण, पातेलं, तांदळाचं गाठोडं भरायला लागले. पाठीचं खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. अजून एकदा कुणीतरी विचारलं, याचाच त्यांना आधार वाटला होता, आणि तसा तो वाटला म्हणून त्यांना स्वतःचीच किळस आली होती. तरी ते गेले.

दुकानात त्यांनी ती सरकणारी सॅक काढायला लावली. भरली, रोहितच्या पाठीवर चढवली, पाठ सरकवून वर घेतली, पट्टा कंबरेच्या हाडावर आणून आवळला. "चाल," म्हणाले. "जिना चढ. आता उतर." रोहित उतरून आला तो हसतच. "दादा, वजन कळतच नाही हो!"

"माहितीये मला."

रोहित वरचे पैसे द्यायला गल्ल्याकडं गेला. अमोलनं परत आलेली सॅक उचलली, उलटसुलट केली आणि म्हणाला, "पण दादा, ही तर तुम्हाला काय झकास बसली होती! मला वाटलं, तुमचीच. तुम्हीच ठेवा की. तुमच्यासाठी अजून कमी करतो."

दादांनी सॅक हातात घेतली. सवयीनं हात चालले आणि सगळे पट्टे पुन्हा त्यांच्याच मापाला आवळले गेले, त्या दिवशी फेऱ्या मारताना त्यांनी ओढले होते तसेच. खांद्यांचे, छातीचा, कंबरेचा. घरी खिळ्याला कांद्यांची सॅक होती. पुढच्या शनिवारी पोरं साल्हेरला निघणार होती आणि व्हॉट्सॲपवर दादांना कुणी वेळ कळवली नव्हती.

"आता काय करू घेऊन?" ते म्हणाले. मग त्यांनी सॅक काउंटरवर आडवी ठेवली आणि एकेक पट्टा शेवटपर्यंत सैल करून अमोलच्या हातात दिली.