उन्हात उघडणारी मूठ

मी राखाडी भुकटी बोलतेय. यवतमाळच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेतल्या पोलादी डब्यात राहते. लोखंड आणि टायटॅनियम एकत्र वितळवून, कुटून मला घडवलं. माझं काम एकच: हायड्रोजन मुठीत धरायचा आणि मागाल तेव्हा सोडायचा.

सुरुवातीला मी त्याला दारातही उभं केलं नाही. इथं संशोधन करणाऱ्या समीक्षाने मला पुन्हापुन्हा तापवलं, निववलं, मनवलं. ही कोळसा खाणींच्या राजूरची पोर. घरच्या खिडकीवरची कोळशाची धूळ पुसतच मोठी झाली, म्हणून तिला भारी घाई. कोळशावाचूनची वीज आपल्या हयातीत घरोघरी पोचलीच पाहिजे, असं ती मलाच दटावते. अखेर मी मूठ वळली. सौर पॅनेलच्या विजेने पाण्यातून काढलेला हायड्रोजन असा ओढून घेतला की डबा गरम झाला.

विभागप्रमुख साधना मॅडम मात्र कंटाळल्या होत्या. माझ्या हायड्रोजनवर पंखा फिरवून दाखवा, नाहीतर कपाट रिकामं करा, असं त्यांनी सांगून टाकलं. म्हणजे मी भंगारात.

मे महिना. समीक्षाच्या जोडीला असलेल्या नयनने काळजीपोटी मला सकाळीच कूलरच्या पाण्यात बसवलं. इथली माणसं उन्हाळ्यात टरबुजापासून पाहुण्यापर्यंत सगळ्यांना गारवाच देतात. मी सुखावले आणि मूठ आणखी घट्ट आवळली.

दुपारी मॅडम आल्या. समीक्षाने डब्याची तोटी उघडून हायड्रोजन त्यापासून वीज करणाऱ्या पेटीत सोडला. पेटीला जोडलेल्या पंख्याने दोन गिरक्या घेतल्या आणि मान टाकली.

"झालं?" मॅडमनी विचारलं.

समीक्षाने डब्याला हात लावला. "नयन, हे एवढं थंडं कसं?"

"कूलरमंदी ठेवलं होतं ना. म्हटलं, गरमीनं फुटन-गिटन."

"अरे, गरम झाल्याबिगर हे गॅस सोडत नाही. कितीदा सांगितलं तुले."

तिने मला उचललं आणि थेट बाहेर, मॅडमच्या स्कूटरच्या काळ्या सीटवर नेऊन ठेवलं. त्या सीटवर दुपारी फडकं टाकल्याशिवाय कोणी बसत नाही. मागून नयन पंखा आणि ती पेटी घेऊन धावला.

"माझी स्कूटर उडाली तर?"

"दाबावर नजर आहे माझी, मॅडम."

डबा तापत गेला, माझी मूठ सैल झाली. पंखा फिरला आणि फिरतच राहिला. मॅडमनी घामेजला चेहरा त्याच्यापुढे धरला. बराच वेळ धरला.

"कपाट राहू द्या," त्या म्हणाल्या. "स्कूटर तेवढी सोडा, घरी जायचं आहे मले."

मी अजून जड आहे, मुठीत मावतं तेही थोडंच. माझ्यामागून येणाऱ्या भुकट्या हलक्या असतील, समीक्षा त्यासाठीच खपते आहे. त्या तुमच्या दारी आल्या, तर लाडाने सावलीत बसवू नका. या जिल्ह्यात ऊन भरपूर आहे. त्यातलं थोडं आम्हाला द्या.