डबा कोणाचा येतो

भावनाचं प्रकरण अहवालातून उडण्याच्या बेतात होतं. नागपूरच्या धंतोली भागातल्या दवाखान्यांत रुग्णाजवळ थांबणाऱ्या नातेवाइकांच्या दोनशे मुलाखती तिनं संगणकावर चाळल्या होत्या. शोधायचे शब्द ठरलेले होते: ताण, थकवा, एकटेपणा. एकशे दहा बायांच्या बोलण्यात ते मिळून नऊ वेळा आले.

"म्हणजे बाया मजेत आहेत," सोबतचा स्वानंद म्हणाला. "फिजिक्सवालीनं समाजशास्त्रात कायले पडावं वं?"

प्रकल्पप्रमुख सुहासिनी मॅडम हसल्या नाहीत. "उद्या चारपर्यंत बायांच्या हालांचा पुरावा आण. नाहीतर प्रकरण गाळू."

भावना थेट धंतोलीला गेली. शहरातल्याच सक्करदऱ्याच्या कांताबाई बाविसाव्या दिवशीही नवऱ्याच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होत्या.

"मावशी, थकवा येत असेल ना?"

"मले काय झालं वं? बिमार तर हे हायेत."

"जेवलात?"

"यायनं अर्धी पोळी ठेवली होती. तेच खाल्ली."

समोर बायकोसाठी थांबलेले एक गृहस्थ घरून आलेला डबा उघडत होते. भावनानं विचारलं, "तुमचा डबा नाही येत?"

कांताबाई खळखळून हसल्या. "माहा डबा कोण आणन? डबा करनारी तं इथंच बसून राहिली!"

ऑफिसात परतून भावनानं एकच शब्द टाकला: डबा. नुसत्या आकड्यांवर न विसंबता प्रत्येक उल्लेख वाचला. नव्वद पुरुषांपैकी चौऱ्याहत्तर जणांना घरून डबा येत होता; एकशे दहा बायांपैकी बाराजणींना. पण गावाहून आलेल्यांना डबा येणार कसा? तिनं फक्त नागपुरात घर असलेले वेगळे काढले. पुरुष ऐंशीपैकी बहात्तर, बाया पंच्याऐंशीपैकी अकरा. तफावत जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता स्वानंदनं तक्ता ओढून घेतला. "खानावळीचे डबे मोजले असतील तुनं."

"वेगळे काढलेत. तपास ना गा."

त्यानं वीस मुलाखती पडताळल्या. एकही चूक निघेना. "मानलं बाप्पा!" त्यानं तक्ता मॅडमपुढे सरकवला.

मॅडमनी तो दोनदा वाचला. "पहिले शब्द मी पुस्तकांतून काढले होते. त्या बायांना हे आपलं दुखणं म्हणून सांगावंसंच वाटत नव्हतं; ते डब्यानं सांगितलं. माझी चूक प्रस्तावनेत लिही, नावासकट." मग प्रकरणाचा सात हा क्रमांक खोडून त्यांनी तिथं एक लिहिला. "आणि परिषदेत हे मी नाही मांडणार. तू मांडायचं."

"हो!" भावना इतक्या जोरात म्हणाली की शेजारच्या खोलीतले लोक दारात आले.